दाद आणि दया

गाणे आवडले की आपण दाद देतो, आणि भाऊबंदाने जमिनीचा तुकडा बळकावला की कोर्टात दाद मागतो. शब्द एकच. फारसीत दाद म्हणजे इन्साफ, न्याय. इराणात आजही न्यायालयाला दादगाह म्हणतात आणि उर्दू शायरीत जुलुमाला बेदाद म्हणतात. म्हणजे मुशायऱ्यात 'वाह वाह' करणारा श्रोता शायरावर मेहेरबानी करीत नसतो; शेराचा जो हक्क आहे तो त्याला पोचता करीत असतो. उर्दू शाळेत शिकवीत असल्यामुळे हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. सांगायला काही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या सहामाही परीक्षेत आम्ही निबंधाला विषय दिला होता, 'मेरा पसंदीदा फनकार'. निम्म्या वर्गाने मोहम्मद रफींवर लिहिले, चारपाच जणांनी नुसरत फतेह अलींवर. एका मुलाने मात्र बगदादच्या चार तरुणांवर लिहिले होते. ते म्हणे विजेची गिटार आणि ढोल घेऊन प्रचंड आवाजाचे संगीत वाजवतात. त्यांच्या बँडचे नाव त्याने एकाच पानावर दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिले होते. आम्ही अर्धे पान वाचले, 'हेवी मेटल' हा शब्द दिसला, दहापैकी चार गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला, 'शोर फन नहीं होता.' पेपर वाटल्यावर तास संपला आणि तो मुलगा टेबलाजवळ आला. त्याच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान आहे. मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. गुण वाढवून मागायला येतात तशातला तो नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, आप सुने क्या?"

आम्ही ऐकले नव्हते. "अगला पीरियड शुरू हो गया, जाओ," असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण प्रश्न काही सुटला नाही. कोर्टात एखादा न्यायाधीश साक्ष न ऐकता निकाल देऊ लागला तर आपण त्याला काय म्हणू? त्या रात्री घरचे झोपल्यावर आम्ही इअरफोन लावून बसलो. ते आम्हाला लगेच आवडले असे म्हटले तर खोटे होईल. पहिले तीन दिवस नुसते डोके दुखले.

या संगीताचा जन्म कारखान्यातला आहे, हे कळल्यावर आमचे कान थोडे उघडले. इंग्लंडमधले बर्मिंगहॅम हे लोखंडाचे, यंत्रांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे दुखू नये म्हणून तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून तो जड, खोल, काळोखा आवाज आला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम निघाला. तो एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला होता. त्या काळच्या नामांकित समीक्षकांनी त्याची खिल्ली उडवली. आज त्याच अल्बमपासून हेवी मेटलचा इतिहास सुरू होतो. त्यांचा शेरा आणि आमचा लाल शाईचा शेरा यांत फरक एवढाच, की त्यांनी निदान ऐकून तरी लिहिले असावे.

पण ब्लॅक सॅबथला उशिरा का होईना, भरभरून दाद मिळाली. ज्यांना ती मिळालीच नाही त्यांचे काय? बर्मिंगहॅमपासून फार लांब नसलेल्या स्टोअरब्रिज गावात डायमंड हेड नावाचा चार पोरांचा बँड होता. १९८० साली एकही मोठी कंपनी त्यांना करार द्यायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच एक अल्बम छापून घेतला. सात गाणी, हजारभर प्रती. मुखपृष्ठावर चित्र नाही, नाव नाही, नुसता पांढरा कागद; त्यावर बँडमधल्या एकाची सही. कार्यक्रमांत आणि टपालाने ते या प्रती विकत. पुढे 'लाइटनिंग टु द नेशन्स' या नावाने ओळखला जाऊ लागला तो हाच अल्बम. ती सात गाणी आम्ही आता कितीदा तरी ऐकली आहेत. त्यांत एक रग आहे, आणि त्याचबरोबर सूर न सोडण्याची शिस्तही आहे. एकाच गाण्यात तीनतीन, चारचार वेळा चाल बदलते आणि तरी धागा तुटत नाही. कव्वालीत मिसरा फिरवून फिरवून गायक ऐकणाऱ्याला जिथे नेऊन सोडतो, तशीच काहीशी ही जागा आहे. ही तुलना काहींना रुचणार नाही, पण आमचे कान ज्या संगीतावर घडले त्याच्याशीच आम्ही ताडून पाहणार.

नंतर त्यांना करारही मिळाला, पण १९८५ पर्यंत बँड मोडला. दरम्यान अमेरिकेत राहणारा लार्स उलरिक हा सतरा वर्षांचा डॅनिश मुलगा १९८१ साली केवळ त्यांना ऐकण्यासाठी इंग्लंडला गेला, त्यांच्यातल्याच एकाच्या घरी राहिला, आणि परत जाऊन त्याच वर्षी त्याने मेटॅलिका हा बँड उभा केला. मेटॅलिका पुढे जगातला सर्वांत मोठा मेटल बँड झाला. त्याने डायमंड हेडची गाणी पुन्हा वाजवली, ती नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि त्यांचे नावही घेतले. आजही पुष्कळ लोकांना ती गाणी मेटॅलिकाचीच वाटतात. एका मुलाने ऐकले आणि त्यातून एवढे झाले. मग हजार प्रतींच्या त्या अल्बमला दाद मिळाली म्हणायची की नाही? आमचे मत असे, की ऋण मान्य झाले, पण दाद अर्धीच मिळाली. पेढीवर नाव लागले. मात्र गिऱ्हाईक त्यांच्या दारात आलेच नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. जे जे दुर्लक्षित ते ते सगळे थोर असते असे नाही. पुष्कळसे संगीत विसरले गेले ते विसरण्याजोगेच होते म्हणून, आणि आम्ही या दोन वर्षांत त्यातलेही भरपूर ऐकले. आपली उपेक्षा झाली अशी तक्रार करणाऱ्या कवींची आपल्याकडेही वाण नाही; त्यांचे संग्रह आम्हाला भेट म्हणून येतात आणि ते वाचले की उपेक्षेचे कारण कळते. म्हणून दाद म्हणजे स्तुती असे धरले तर सगळाच हिशेब चुकतो. दाद म्हणजे न्याय, आणि न्यायात दावा फेटाळलाही जातो. फक्त फेटाळण्याआधी तो ऐकावा लागतो.

आता बगदादच्या त्या तरुणांकडे येतो. त्यांच्या बँडचे नाव अॅक्रॅसिकॉडा. इराकच्या वाळवंटात सापडणाऱ्या एका काळ्या विंचवाच्या शास्त्रीय नावावरून ते घेतलेले आहे. २००१ साली, सद्दामच्या राजवटीत, त्यांनी हा बँड सुरू केला. शिकवायला कोणी नव्हते. मेटॅलिकाचे हातोहात फिरणारे अल्बम ऐकून ते गिटार शिकले, म्हणजे स्टोअरब्रिजच्या त्या पांढऱ्या पाकिटाचे ते नातूच म्हणायचे. कार्यक्रमाची परवानगी हवी तर सद्दामच्या स्तुतीचे एक गाणे वाजवावे लागे. २००३ नंतर राजवट गेली आणि बाँब आले. त्यांची तालमीची जागा उद्ध्वस्त झाली. धमक्या येऊ लागल्या तसे ते आधी सीरियात, मग तुर्कस्तानात आणि २००९ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत गेले. तिथे मेटॅलिकाच्या कार्यक्रमात त्या बँडच्या जेम्स हेटफील्डने स्वतःची गिटार त्यांना दिली. त्यांच्यावर २००७ साली निघालेला 'हेवी मेटल इन बगदाद' हा माहितीपट जगभर गाजला. वर्तमानपत्रांनी लिहिले, लोक हळहळले, मदतीचा पैसा जमला.

आणि २०१५ साली त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम 'गिलगमेश' निघाला, तेव्हा जग दुसऱ्या बातमीकडे वळलेले होते.

आमचा मुद्दा इथे आहे. डायमंड हेडला कोणी ऐकले नाही. ही बेदाद झाली, पण ती सरळ आहे. अॅक्रॅसिकॉडाला न ऐकताच शाबासकी मिळाली, आणि ही बेदाद अधिक वाईट, कारण ती प्रेमाचे कपडे घालून येते. बाँबच्या गावातली पोरे, मुसलमान पोरे, आणि गिटार वाजवतात, केवढे कौतुक! पण गिटार कशी वाजवतात? हे विचारायला कोणाला सवड नव्हती. त्यांची हकीकत ठाऊक असलेली माणसे पुष्कळ भेटतील. अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला माणूस शोधावा लागेल. इंडोनेशियातल्या व्हॉइस ऑफ बासेप्रॉट या तीन मुलींच्या बँडचेही तेच. त्यांच्या हिजाबवर जेवढे छापून आले, त्याच्या निम्मेही त्यांच्या २०२३ सालच्या 'रेटास' या अल्बमवर आलेले आमच्या पाहण्यात नाही.

हा अनुभव या अंकाच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. आमची एक कथा वाचून एका सद्गृहस्थांनी भर सभेत पाठ थोपटली होती, "मुसलमान असून किती शुद्ध मराठी!" कथेत एक म्हातारी मरते. ती का मरते, ते मरण पटते की नाही, हे त्यांनी विचारले असते तर आम्ही रात्रभर त्यांच्याशी बोलत बसलो असतो. त्यांची नियत चांगली होती, म्हणूनच त्यांच्याशी भांडताही आले नाही. दयेविरुद्ध दाद मागायला कोणते कोर्ट आहे?

काही वाचक विचारतील, शिक्षक माणसाने, आणि मुसलमानाने, हे असले संगीत ऐकावेच का? संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये सिमावर एक अख्खे प्रकरण लिहिले, अटी घातल्या, पण दार लावून घेतले नाही. ज्याला ऐकायचे नसेल त्याने ऐकू नये. त्याच्याशी आमचा वाद नाही. जानेवारी १९९७ मध्ये इजिप्तमध्ये शंभराच्या आसपास तरुणांना आणि २००३ मध्ये मोरोक्कोत चौदा जणांना हे संगीत वाजवण्या-ऐकण्यावरून सैतानाचे पूजक ठरवून पकडले गेले. मोरोक्कोत तर शिक्षाही झाल्या आणि गदारोळ झाल्यावर त्यांतल्या बहुतेक अपिलात टिकल्या नाहीत. न ऐकणे हा हक्क आहे. न ऐकता फैसला करणे हा हक्क कोणी कोणाला दिला?

गिलगमेश ही इराकच्या मातीतलीच कथा. उरुकचा राजा, त्याचा दोस्त एन्किडू, दोस्ताचा मृत्यू, आणि मग मरण टाळण्यासाठी राजाची वणवण. वतन सोडावे लागलेल्या माणसांनी हीच कथा निवडावी यात नवल नाही. ही कथा मातीच्या विटांवर लिहिलेली, आणि निनवेच्या ढिगाऱ्यातून १८५३ साली ती बाहेर काढणारा माणूस मोसुलचाच होता, होरमुझ्द रस्साम. विटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या आणि जवळजवळ वीस वर्षे तशाच पडल्या. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने त्यातली महापुराची वीट वाचली तेव्हा जगाला कळले. श्रेय बरेचसे इंग्रज साहेबांच्या नावे जमा झाले. म्युझियमच्याच वॉलिस बज या अधिकाऱ्याने रस्सामच्या प्रामाणिकपणाविषयी शंका पसरवल्या, तेव्हा म्हाताऱ्या रस्सामने १८९३ साली लंडनच्या कोर्टात अब्रूनुकसानीची दाद मागितली. मिळाली, पन्नास पौंड. दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीखाली पडलेल्या त्या काव्याचे काही उणे झाले नव्हते. उणे झाले असेल तर मधल्या माणसांचे. असे आम्हाला वाटते, पण या बाबतीत आम्ही ठाम नाही, कारण रस्साम काही वीट नव्हता. त्याला जिवंतपणी वाट पाहावी लागली. बगदादच्या त्या तरुणांनाही लागते आहे.

अल्बमविषयी आमचे प्रामाणिक मत सांगतो. वादन घट्ट आहे, राग खरा आहे, आणि दोस्ताच्या मरणाचा शोक त्या गदारोळाच्या आत दबलेला ऐकू येतो. मात्र उत्तरार्धात गाणी एकमेकांसारखी वाटू लागतात, आणि इंग्रजीऐवजी अरबीत गायले असते तर जीभ अधिक मोकळी झाली असती अशी रुखरुख लागते.

सहामाहीचा तो पेपर आम्ही कपाटातून काढून पुन्हा वाचला. चाराचे सहा केले. जास्त देता आले नाहीत, कारण शुद्धलेखन खरोखरच वाईट होते आणि शेवटचा परिच्छेद घाईत उरकलेला होता. लाल शेरा खोडला, शेजारी सही केली. मुलाला बोलावून पेपर दिला आणि वर लिहिले आहे तेच मत त्याला सांगितले. सहा गुणांकडे त्याने पाहिलेही नाही. उत्तरार्ध लांबला आहे हे मात्र त्याला अजिबात मान्य झाले नाही. "सर, आप मोबाइल पे सुने होंगे," तो म्हणाला, "दुकान में बड़े स्पीकर पे सुनो." शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो. वेल्डिंग थांबवून वडील बाजूला उभे राहिले, मुलाने आवाज वाढवला, आणि अल्बम संपल्यावर आम्ही दोघे उत्तरार्धावरून पुन्हा भांडलो.