पंप कोणाच्या पाठीवर, पाप कोणाच्या माथी?

श्रावण-भाद्रपदात खानदेशातल्या पिंपळनेरच्या आसपास फवारणी चालू असताना बांधावर उभं राहिलं की सगळं समोरच दिसतं. बाटलीच्या झाकणानं माप घेतलं जातं, बादलीतलं पाणी काठीनं ढवळलं जातं आणि पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर चढतो. तोंडाला रुमाल, पाय अनवाणी. मध्येच नोझल तुंबतं. ते काढून तोंडानं फुंकायचं आणि पुढच्या सरीला लागायचं. मजुरी पंपावर ठरलेली असेल, तर साबणानं हात धुवायला थांबणं म्हणजे आपलेच पैसे बुडवणं.

अशा शेतात पाप-पुण्याची गोष्ट निघालीच, तर ती अळीची निघते. कीड मारणं पाप की धर्म? परंपरेनं याचं उत्तर बऱ्यापैकी उदार मनानं देऊन ठेवलं आहे. ठरवून केलेली संकल्पी हिंसा जैन गृहस्थाला वर्ज्य. पण शेती-धंद्यात ओघानं घडणारी उद्योगी हिंसा त्यानं जपून, कमीत कमी करावी, एवढीच अपेक्षा. शेती हिंसेशिवाय होत नाही, हे गांधीजींनीही मान्य केलं होतं. अळीचा निकाल लागला. पंपाखालच्या माणसाचं काय?

त्याच्याविषयी थेट कोणी लिहिलेलं नाही, पण वाट दाखवून ठेवलेली आहे. मनुस्मृतीशी भांडायला कारणं ढीगभर आहेत. तरी तिच्या पाचव्या अध्यायातला एक हिशेब चोख आहे. जनावर मारण्याचा दोष एकट्या सुरीवाल्याचा नाही. संमती देणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळेच घातक. जैन विचारात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन दोष: स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि मान डोलावलेलं. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. जैन श्रावकानं, म्हणजे गृहस्थानं, टाळायच्या पंधरा कर्मादानांतही (वर्ज्य धंद्यांतही) विषवाणिज्य आहेच. या सगळ्यांत दोष हातापाशी थांबत नाही, वर चढत जातो.

कायद्याचा ओघ मात्र खाली आहे. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यात मिसळून शंभरावर माणसं दगावली. चौकशी झाली, 1968 चा कीटकनाशक कायदा आला, 1971 चे नियम आले. विष हाताळणाऱ्याला योग्य कपडे, श्वसनाचं साधन, प्रशिक्षण द्यावं, हे त्या नियमांत आहे. पण त्याच कायद्याचं कलम 38 सांगतं की स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टरचा ससेमिरा नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. झालं असं, की शहरात झुरळं मारण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, त्यासाठी पदवी आणि ठरलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. इथल्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, काहीच लागत नाही, फक्त पाठ लागते.

त्याच्या वाट्याला येतो तो बाटलीवरचा रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. न वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून ही योजना, आणि ती शहाणपणाची आहे. पण बाटली मालकाच्या हातात. मजुराच्या हातात येते तोवर ती बादली झालेली असते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कापूस माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत वाढलेला, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, बॅटरीच्या पंपातून निघणारा बारीक फवारा आणि दमट हवा. प्रकरण गाजल्यावर ठिकठिकाणी ऐकू आलं ते एकच: त्यांनी हातमोजे-मास्क वापरले नाहीत. भाद्रपदाच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून एक पंप मारून पाहावा, मग हे वाक्य उच्चारावं. औषधांचंही तेच. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर 2005 पासूनच बंद होतं. कापसावर ते पुढेही चालत राहिलं, बंदीची अधिसूचना निघाली ती 2023 मध्ये. ताटाची काळजी अठरा वर्षं आधी घेतली गेली. आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना विषबाधेलाही मदत देते, पण खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या घरच्यांनी काय जोडायचं?

मालकाला खलनायक करणं सोपं आहे, आणि चुकीचंही. इथे साक्री तालुक्यात दोन-तीन एकरांचा धनी पुष्कळदा स्वतःच पंप उचलतो. कृतही तोच, कारितही तोच. पण ज्या दिवशी तो दुसऱ्याच्या पाठीवर पंप देतो, त्या दिवशी वारं सुटल्यावर थांबायचं की नाही, हे ठरवण्याची सत्ता त्याच्याकडे असते, आणि कारिताचा दोष सत्तेमागोमाग येतो. कंपनी आणि सरकार त्याच्याही वर आहेत, तेवढ्यानं तो सुटत नाही.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. रोख किती, धान्य किती, याची बोली होते. हातमोजे, चष्मा, चक्कर आली तर मजुरी न कापता सुट्टी, ही बोली त्याच दिवशी करता येण्यासारखी आहे. आणखी एक: माणूस दवाखान्यात न्यावा लागला तर बाटलीही सोबत न्यावी. विष ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन सुरू करतात. डायफेन्थ्युरॉनसारख्या कीटकनाशकाला असा नेमका उतारा नाही, आणि आत काय गेलंय हे बादलीवर लिहिलेलं नसतं.