आत्याला चित्रात कुठं बसवायचं?

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि घरच्यांना चित्रं काढून देते. दुसऱ्या गोष्टीला कुणी काम म्हणत नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, चित्रकलेचं शिक्षण तेवढंच. मामेबहिणीला लग्नात तिचं पाडलेलं जुनं घर काढून दिलं, काकूला तिची मेलेली म्हैस. म्हशीचं चित्र सगळ्यांत गाजलं. काकू त्याला अगरबत्ती ओवाळते.

गेल्या वर्षी पप्पांची साठी होती. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. हुतात्मा बाबू गेनूंचं गाव म्हटलं की बाहेरच्यांना लगेच कळतं. पप्पांसाठी मी घराचा ओटा काढायचं ठरवलं. २०११ सालचा एक फोटो होता. आजोबा मध्ये, बाजूला आजी, पप्पा, चुलते, आम्ही पोरं, मागं कांद्याची बराखी. फोटो बघून आजी म्हणाली, "आन् माझी लेक कुठंय? तिला बी काढ की."

आत्या त्या दिवशी गावात नव्हती. ती आता आमच्या घरातच नसते. आजोबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही करायला तिनं नकार दिला, तेव्हापासून पप्पा तिच्याशी बोलत नाहीत. कायदा तिच्या बाजूनं आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. पण आमच्याकडे 'बहिणीनं हिस्सा मागितला' हे वाक्य ज्या आवाजात बोललं जातं, त्या आवाजापर्यंत कायदा अजून पोचलेला नाही.

आजीला 'हो' म्हटलं आणि अडकले. फोनवर एका मिनिटात आत्याला त्या फोटोत बसवता आलं असतं. तसे फोटो रोज येतात, गेलेले आजोबा नातवाला मांडीवर घेतात, आपण अंगठा दाखवून पुढं जातो. तिथं कुणी फसत नाही, कारण कुणी विश्वासच ठेवत नाही. हातानं काढताना मात्र आत्याच्या चेहऱ्यापाशी दोन रात्री बसावं लागलं. तिला कुठं बसवू? आजीच्या पायाशी बसवलं तर ती माफी मागतेय असं दिसेल. पप्पांच्या शेजारी बसवलं तर ते धडधडीत खोटं. शेवटी बराखीच्या बाजूला, कांदे निवडताना काढली.

हे खोटं होतं का? मी स्वतःला समजावलं, चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. चित्रात इच्छाही काढता येते. ते मला आजही पटतं. खटकत होतं ते वेगळंच. पप्पांना मी भेट देत होते की अर्ज?

दुकानातून आणलेली भेट नाकारता येते. तिसरं भिंतीवरचं घड्याळ आलं की आपण ते पुढच्या लग्नात देऊन टाकतो. लेकीनं तीन महिने रात्री जागून काढलेल्या चित्राचं काय करणार? ते माळ्यावर टाकता येत नाही, चुकलंय असं म्हणता येत नाही. हौशी चित्रकाराला तर कुणी नावंही ठेवत नाही, 'एवढं प्रेमानं केलंय' म्हटलं की विषय संपतो. म्हणजे प्रेमानं समोरच्याचं तोंड बंद करायची सोय आमच्याकडे कायमची असते.

विन्स्टन चर्चिल हौशी चित्रकार होते आणि आपली चित्रं भेट द्यायचे. मराकेशमध्ये काढलेलं एक त्यांनी रूझवेल्टना दिलं होतं. १९५४ साली त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला ब्रिटनच्या संसदेनं त्यांना ग्रॅहम सदरलंडनं काढलेलं व्यक्तिचित्र भेट दिलं. थकलेला, वाकलेला म्हातारा. चर्चिलना ते अजिबात आवडलं नाही, पण भर समारंभात परत कसं करणार? पुढं त्यांच्या पत्नीनं ते गुपचूप नष्ट करवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या बाईंचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. नाही म्हणायला दुसरी वाट त्यांना कुणी ठेवली होती?

आणि माझा हेतू तरी कुठं शुद्ध होता? मला एक भाऊ आहे. उद्या तोच कागद माझ्यापुढं येणार. आत्याला ओट्यावर बसवताना मी माझीही जागा धरून ठेवत होते, रुमाल टाकून एसटीत धरतात तशी.

साठीच्या दिवशी पप्पांनी चित्र बराच वेळ पाहिलं. बराखीच्या बाजूला बोट नेलं, टेकवलं नाही. मग स्वतःच खिळा ठोकून आतल्या खोलीत लावलं. आजी म्हणाली, "पुढं लाव, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल." पप्पा म्हणाले, "आत बरंय."

मला वाटलं, झालं ते बरंच झालं. त्यांनी नाकारलं नाही आणि मानलंही नाही, त्यांची वाट त्यांनी शोधली. मग मी चित्राचा फोटो नारायणगावला आत्याला पाठवला. मनातून शाबासकीची वाट बघत होते. रात्री तिचा फोन आला. "चांगलंय गं. पण मला विचारलं होतंस का? त्या ओट्यावर मला कुणी बोलावलंय, म्हणून तू बसवलीस?"

सगळा विचार मी घेणाऱ्याचा केला होता, काढलेल्या माणसाचा नाही. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर तरी पाहिलं असेल. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ती हळदणकरांची मुलगी गीता. वडिलांनी सांगितल्यावर ती दिवा धरून उभी राहिली. २०१८ साली वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या, तोवर 'ती मीच' असं सांगू शकत होत्या. चित्र जगाचं झालं तरी उभं राहणं तिचं होतं. माझ्या आत्याचं काहीच तिचं नव्हतं. साडीसुद्धा मी मनानंच हिरवी रंगवली होती.

मी सॉरी म्हटलं. मग विचारलं, "तुझं एकटीचं काढू का? तू म्हणशील तिथं बसलेली."

ती थोडा वेळ गप्प होती. "शनिवारी नको, बाजार असतो. रविवारी ये. आन् कांदे निवडताना नको काढूस, आयुष्यभर तेच केलंय."

रविवारी गेले. ती खुर्ची घेऊन तिच्या दारात बसली, जुन्या कागदांची पिशवी मांडीवर ठेवून. पिशवीपण काढू का, असं मी या वेळी विचारून घेतलं.