न दिसणारा ताण

निवांत बसा. खांदे सैल सोडा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या.

अर्धापूरच्या शिवारातली केळीची बाग डोळ्यांसमोर आणा. घड भरत आलेलं एकच झाड निवडा. त्याच्या खोडात लाकूड नाही. एकावर एक घट्ट बसलेली सोपटं आणि त्यांत भरलेलं पाणी, एवढ्यावर ते उभं आहे. वर एका बाजूला वीस-पंचवीस किलोंचा घड लोंबतो आहे. खोड किंचित वाकलं आहे.

मनानं त्या खोडाच्या आत जा. घडाकडचे थर दाबले जाताहेत. पाठीकडचे ताणले जाताहेत. दोहोंच्या मध्ये एक थर असा आहे, जो वाकण्यानं ना दाबला जातो, ना ताणला जातो. तिथे जरा थांबा.

आतल्या दर चौरस सेंटिमीटरवर येणारं बल म्हणजे प्रतिबल. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो आकारातला बदल. मूळ लांबीच्या मानानं तो किती, हे सांगते विकृती. रॉबर्ट हुकनं १६७८ साली भार आणि बदल यांचं नातं मांडलं: भार दुप्पट, तर बदल दुप्पट, भार उतरला की आकार पूर्ववत. मात्र हे एका हद्दीपर्यंतच.

प्रतिबलाला विकृतीनं भागलं की यंगचा गुणांक मिळतो. तो त्या पदार्थाचा स्वभाव. ओढल्यावर पदार्थ बाजूनं किती बारीक होतो, ते पॉयसाँ गुणोत्तर सांगतं. सगळ्या दिशांनी सारख्या असलेल्या पदार्थाला हे दोन अंक पुरतात. केळीच्या खोडाला पुरत नाहीत. उभ्या धाग्यांच्या दिशेला ते एक वागतं, आडवं दुसरंच. अगदी सर्वसाधारण घनाला तर २१ अंक लागतात.

आता लक्ष खाली न्या. काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. त्याचा गुणांक ७० गिगापास्कल धरला, तर मीटरभर लांबीचा दगड एक मिलिमीटर आखडायला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलोंचा भार लागेल. तरीही तो आखडतो. कठीण म्हणजे न बदलणारा नव्हे. जमिनीखालच्या खडकांत अशी सूक्ष्म विकृती वर्षानुवर्षं साठत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ती भूकंप होऊन सुटली आणि हजारो माणसं गेली. १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा धक्का नांदेडकडेही जाणवला.

एक सावकाश श्वास घ्या.

शेतकरी वाकलेल्या खोडाला बांबूचा टेकू देतो. घडाचं वजन तेवढंच राहतं. पण त्यातला काही भार बांबू घेतो, आणि खोडातलं प्रतिबल उतरतं. हे खोड मोडण्याआधी करायचं असतं. मोडल्यावर टेकूचा उपयोग नाही.

आता घरातलं एक माणूस आठवा, कधीच तक्रार न करणारं. त्याचा ताण तुम्हाला दिसणार नाही. त्याच्या बोलण्यात, झोपेत, जेवणात झालेला बारीकसा बदल दिसेल. तो बदल किती मोठा मानायचा, हे त्या माणसाच्या स्वभावावर ठरतं. खंबीर माणसातला केसाएवढा फरकही मोठ्या भाराचा असू शकतो.

डोळे उघडा. त्या माणसाकडे जा आणि त्याचं एखादं काम आजच आपल्याकडे घ्या.