प्रतिस्पर्ध्याची वाट

दोन दुकानदारांत चुरस लागली म्हणजे गिऱ्हाइकाचे फावते, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पंडिताची जरूर नाही. यवतमाळच्या आठवडी बाजारात भाजी घेणारी कोणतीही बाई पहिल्याच दुकानापाशी पिशवी उघडीत नाही. परंतु दुसरा दुकानदार अजून बाजारात आलेलाच नसेल, तो येणार एवढी वार्ता मात्र आली असेल, तर पिशवी मिटून कोठवर उभे राहावे? हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही, आणि तो क्षुल्लक समजून मी एकदा ज्या सहजतेने त्याचे उत्तर दिले, त्याची टोचणी अद्याप गेलेली नाही.

सन २०२० च्या सप्टेंबरात माझा एक विद्यार्थी मजकडे आला. संगणकावर त्रिमितीय चित्रे घडविण्याची विद्या तो आपल्या आपण शिकत होता व तीत त्याची गती चांगली होती. या कामास ग्राफिक्स कार्ड नावाचे एक अंग संगणकात लागते. एकाच वेळी हजारो लहानसहान हिशेब करून चित्र उभे करणारी ती एक यंत्रपट्टी होय. तिच्यावाचून जे चित्र तयार होण्यास रात्र लागते, ते तिच्या योगे काही मिनिटांत होते. ही पट्टी करणाऱ्या मुख्य कंपन्या तेव्हा दोनच, एनव्हिडिया आणि एएमडी. पहिलीने १ सप्टेंबरला आपली नवी मालिका जाहीर केली होती. दुसरीची घोषणा २८ ऑक्टोबरला व्हावयाची होती. मुलाच्या वडिलांनी टाळेबंदीत लांबलेल्या कापूसखरेदीच्या पैशांतून काही रक्कम त्याच्यासाठी बाजूला ठेविली होती. "सर, आत्ता मिळते ते घेऊ की दुसऱ्या कंपनीचे येईपर्यंत थांबू?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "थांब. दुसरा आला की पहिलाही खाली उतरतो."

तर्क शुद्ध होता. पुढे जे घडले ते मात्र तर्काप्रमाणे घडले नाही. एएमडीची कार्डे १८ नोव्हेंबरला विक्रीस आली आणि आली तशी संपली. महासाथीमुळे घरोघर संगणकांना मागणी वाढलेली, चिपांचा तुटवडा पडलेला, आणि त्यातच इथेरियम नावाचे आभासी चलन ही कार्डे राबवून मिळविता येते म्हणून ती घाऊक उचलणाऱ्यांची झुंबड. २०२१ साली छापील किमतीच्या दुप्पट दिले तरी कार्ड मिळेल याची शाश्वती नव्हती. जुन्या कार्डांचे भावही वर चढले. बाजूला ठेविलेली रक्कम मृगाच्या तोंडावर बियाण्यात व खतात गेली. त्याबद्दल कोणासच दोष देता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी पैसा फार दिवस 'बाजूला' राहत नाही.

मी ज्या प्रतिस्पर्ध्यासाठी थांबावयास सांगितले, त्याचे कार्ड मुलास घ्यावयाचे तरी होते काय? नव्हते. त्याच्या कामाची पुष्कळशी साधने 'कुडा' या एनव्हिडियाच्याच पद्धतीवर उत्तम चालत. दुसऱ्याने मैदानात उतरावे, पहिल्याची किंमत पाडावी, आणि मग आम्ही पहिल्याचेच गिऱ्हाईक व्हावे, असा तो मतलबी बेत होता. असे थांबणारे जगात थोडे नाहीत. पण सर्वांनीच असे केले, तर तो दुसरा किती दिवस तग धरील? बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्याला केवळ भाव चढविण्यापुरते बोलीस उभे करावे आणि माल दर वेळी दुसऱ्याच्याच पदरात टाकावा, तर तो व्यापारी पुढल्या हंगामात येत नाही, हे आमच्याकडील कास्तकारास पक्के ठाऊक आहे. प्रतिस्पर्ध्याचा लाभ हवा असेल, तर कधी तरी त्याच्यापासून विकत घेण्याची तयारी हवी. नाही तर ती अपेक्षा फुकटेपणाची ठरते. माझ्या उपदेशात हा फुकटेपणा होता व तो त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

दुसरा दोष याहून मोठा. बेकनने विलंबावर लिहिलेल्या छोट्या निबंधात दैवास बाजाराची उपमा दिली आहे आणि लागलीच तिच्याशेजारी सिबिलेची कथा ठेविली आहे. सिबिलेने राजा टार्क्विनास नऊ ग्रंथ विकावयास आणले. त्याने किंमत जास्त म्हणून नाकारली. तिने तीन जाळले व सहांची तीच किंमत सांगितली. आणखी तीन जाळले, तरी किंमत तीच. अखेर राजाने उरलेले तीन नवांच्या किमतीस घेतले. किंमत वाढली नाही, वस्तू घटली. मी रुपयांचा हिशेब केला. मुलाच्या वयाचे एकोणिसावे, विसावे वर्ष त्या हिशेबात धरले नाही. ज्याला कार्ड केवळ खेळण्यासाठी हवे, त्याने खुशाल थांबावे. त्याच्या वाट पाहण्यातही एक मौज असते. ज्याला ते शिकण्याचे अवजार म्हणून हवे, त्याचे ग्रंथ जळत असतात.

वऱ्हाडात ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली, याची लाज वाटते. बीटी कापसाच्या बियाण्यास या देशात २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा तंत्र एकाच कंपनीच्या घराण्याचे होते आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटास सोळाशेच्या वर रुपये पडत. प्रतिस्पर्धी तंत्रांना मंजुरी २००६ साली मिळाली. त्यांच्यासाठी कोणी चार वर्षे रान पडीक ठेवले काय? आणि गंमत अशी की, २००६ च्या खरिपात किंमत साडेसातशेवर आली, ती मुख्यत्वे त्या प्रतिस्पर्ध्यांमुळे नव्हे. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, त्या भांडणातून ती उतरली. ज्याच्या वाटेकडे डोळे लावावे तो येतो निराळ्याच वाटेने. कास्तकार बियाण्यासाठी थांबत नाही, पण पावसासाठी थांबतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्यावाचून पेरू नये, असे कृषी खाते दरसाल सांगते, आणि जो ऐकत नाही त्याच्यावर दुबार पेरणी येते. या थांबण्यास माप आहे. इतका पाऊस पडला की तिफण जुंपावयाची, हे आधीच ठरलेले असते. माझ्या 'थांब'ला असे माप नव्हते. ऑक्टोबर उलटल्यावर नोव्हेंबर म्हटले, नोव्हेंबर उलटल्यावर संक्रांत. विवेकाने सुरू झालेले थांबणे नेमके कोणत्या दिवशी निव्वळ आशा होऊन बसले, ते मला सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, फळावरून उपदेशाची परीक्षा करणे अन्याय्य आहे. २०२० साली पुढचे कोणास दिसत होते? हे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. तुटवडा मला दिसणे शक्य नव्हते, पण मुलाची निकड डोळ्यांसमोर होती.

असो. किंमत अखेर उतरली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली रीत बदलली, कार्डे राबविण्याचे प्रयोजन सरले, आणि वापरलेली कार्डे जुन्या बाजारात ढिगांनी आली. त्या डिसेंबरात मुलाने नागपुराहून एक घेतले, तेही दोन वर्षांपूर्वी मोजावे लागले असते त्याहून पुष्कळच कमी पैशांत. रुपयांपुरते पाहिले तर माझा सल्ला खरा ठरला! तो मला मोबाईलवर ते दाखवीत होता, आणि मी त्याचे अभिनंदन करावे की क्षमा मागावी, हे मला सुचेना. दरम्यान पदवी होऊन तो एका दुकानात हिशेब लिहू लागला होता.

मी त्याच्या गावी गेलो तो जानेवारीत. कार्ड खोक्यातच होते. आदल्या हंगामात वडिलांनी कापूस लवकर विकला आणि मागून भाव दहा हजारांच्या वर गेला. म्हणून या खेपेस क्विंटलला आठ हजार मिळत असताही त्यांनी तो घरातच भरून ठेवला होता. माजघर आढ्यापर्यंत पांढरे झाले होते आणि घरातली माणसे अंगाला सुटलेल्या खाजेने हैराण होती. संगणकाचे मेज त्या ढिगाच्या पलीकडे कोठेतरी गाडले गेले होते. "भाव चढला का खोली मोकळी करून देतो, सर," वडील म्हणाले. त्यांना काय सांगावे, हे माझ्या ओठांवर आले होते; पण थांबण्याविषयी त्या घरात आणखी एक सल्ला देण्याचा अधिकार मला उरला नव्हता. मी चहा घेतला. कापूस मे महिन्यात सात हजारांच्या आसपास गेला, आणि मग मेज मांडले गेले.