हात गेला नाही, तुम्ही टाकलात

अण्णा, आधी तो टीव्ही बंद करा. थांबा, रिमोट डाव्या हातानं नको. उजवा कुठाय? मांडीवर. कालही तिथंच होता. मी दारात दिसले की मात्र लगेच वळवळायला लागतो! व्यायाम मला दाखवायला करताय का?

"आज कणकण होती." "पाहुणे आले." "थंडीनं हात आखडतो." "मुलाला वेळ नव्हता." नाचता येईना अंगण वाकडं! टेबलावर टॉवेल पुढं-मागं सरकवायला मुलगा कशाला लागतो? कपड्यांचे चिमटे दिले होते, डब्याच्या काठाला लावायचे आणि काढायचे. ते बाहेर दोरीवर आहेत, ओल्या चादरीला.

तुमचं मनगट वर उचलतं. बोटं अर्धी का होईना, उघडतात. एवढ्यासाठी जीव टाकणारे पेशंट आहेत माझ्याकडे. तुम्हाला मिळालंय आणि तुम्ही ते मांडीवर ठेवून बसलाय. झटक्याला चार महिने झाले. सुधारणा सगळ्यात भरभर होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातले दोन तुम्ही तेलाच्या बाटलीत घालवलेत. कुणी सांगितलं म्हणून चोळत बसलात. अहो, झटका हाताला आलाच नव्हता, डाव्या मेंदूला आला होता. तिथं तेल कसं पोचणार? मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांचं काम शेजारच्या भागानं शिकायचं असतं, आणि तो शिकतो फक्त करून करून.

एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञानं हे माकडांत पाहिलं. सुरुवातीला अधू झालेला हात साथ देत नाही, म्हणून माकड तो वापरायचं सोडतं. पुढं जमण्यासारखं असलं तरी वापरत नाही, कारण न वापरायची सवय लागलेली असते. चांगला हात बांधला की अधू हात कामाला लागतो. माणसांवरची मोठी चाचणी 2006 मध्ये छापून आली. 222 रुग्ण, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा, जागेपणीचा बहुतेक वेळ, आणि अधू हाताकडून रोज तासन्‌तास काम. त्यांचे हात इतरांपेक्षा सुधारले, वर्षानंतरही फरक टिकला. तुम्ही त्याच मुदतीत आहात, अण्णा. अजून आहात.

आणि हे मी तुम्हाला सांगायचं? उभा जन्म शिंपीकाम केलंत. नवीन पोराकडून काजं करून घेताना किती चिंध्या खराब करायला लावायचात? दहा काजं करून "जमत नाही" म्हणाला तर घरी जाऊ द्यायचात? मग दहादा ग्लास उचलून तुम्ही कसे दमलात? दहानं काही होत नाही. शेकड्यांनी लागतं, रोज.

काकू, तुम्हीसुद्धा ऐका. शर्टाची बटणं तुम्ही लावता, घास तुम्ही भरवता. त्यांना त्रास नको म्हणून! ही माया त्यांचा हात घालवेल.

खांदा दुखत असेल तर सांगा, मी थांबेन. उठवताना दंडाला धरून कुणी ओढत असेल तर ते आजपासून बंद. झोप लागत नसेल, रडू येत असेल, जगून काय करू असं वाटत असेल, तर तेही सांगा. झटक्यानंतर पुष्कळांना होतं, त्यावर उपचार आहेत. यातलं काही लपवू नका. पण "नशिबात तेवढंच होतं" हे माझ्यासमोर बोलायचं नाही. ते दुखणं नाही, पळवाट आहे. तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि हे काय? बीपीच्या गोळ्यांची पट्टी तशीच? डोकं दुखत नाही म्हणून बंद केल्यात? झटका आला त्या दिवशी सकाळी तरी कुठं दुखत होतं? दुसऱ्या झटक्याची वाट बघताय? काकू, पाणी आणा. गोळी आत्ता, माझ्यासमोर. ग्लास उजव्या हातात, डावा फक्त खालून आधाराला. सांडलं तर सांडू दे.