ओळखीचा शब्द

पुण्यात एम.ए. करणाऱ्या भाचीचा फोन आला. “मावशी, साहित्य म्हणून बायबल वाचायचंय. मराठीतलं कोणतं वाचू? एकच सांग.”

ज्याची भाषा सुंदर ते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी थांबले. मला चाकसूतला माझा पहिला चैत्र आठवला.

लग्न होऊन इथे आले त्या वर्षी मी चैत्रगौर मांडली. शेजारच्या भाभींनी विचारलं, हे काय? समजावत कुठे बसायचं, म्हणून म्हटलं, “आमची गणगौरच.” त्यांना लगेच कळलं. मग पाळण्यात डोकावून त्या म्हणाल्या, “और ईसरजी?” आमची गौर पाळण्यात एकटीच बसते, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. ओळखीच्या शब्दानं दार उघडलं, पण आत त्यांना त्यांचंच घर दिसलं.

बायबल मराठीत आणणाऱ्यांपुढे हाच पेच होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलची कथा ओवीत सांगितली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही बिनदिक्कत घेतला. तीन शतकांनी पंडिता रमाबाईंनी उलटी वाट धरली. पुराणं सांगत देशभर हिंडलेल्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बायकांना कळावी अशी साधी भाषा त्यांनी घेतली. जुन्या धर्मकल्पना सोबत आणणारे संस्कृत शब्द टाळले. १९२२ साली त्या वारल्या, पुस्तक १९२४ साली निघालं.

यातलं प्रामाणिक कोण? स्टीफन्स यांनी वाचकाच्या आठवणींचा मान राखला. रमाबाईंनी त्याच आठवणींपासून वाचकाला सावध केलं. अर्थात, कुणाच्याच तोंडात न घोळलेला शब्द त्यांनाही मिळाला नसणार. धुऊन कोरा करता येईल असा शब्द भाषेत नसतोच.

तरीही भाचीला म्हटलं, “रमाबाईंचं घे. नुसत्या कानानं निवडायचं तर ‘क्रिस्तपुराण’ जिंकेल, पण साहित्य म्हणजे फक्त नाद नव्हे. हे कुणासाठी लिहिलं, हाही साहित्याचाच प्रश्न आहे. वाक्य खडबडीत लागलं की थांब. तिथे एका पंडितेनं हातातला सुंदर शब्द जाणूनबुजून खाली ठेवला असेल.”

भाभींना मात्र मी दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं. वेळ लागला. कैरीची डाळ संपली, तरी बोलणं चालूच होतं.