अस्सलबरहुकूम नक्कल

तहसील कचेरीत खसऱ्याची नक्कल मागितली, की खाली सही-शिक्का बसतो आणि तो कागद अस्सलाइतकाच चालतो. मध्य प्रदेशातल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात घरची बोली मराठी आणि कॉलेजची भाषा हिंदी. त्या हिंदीत परीक्षेतल्या कॉपीलाही ‘नकल’च म्हणतात. हे दोन अर्थ वाटतात तेवढे एकमेकांपासून लांब नाहीत. विद्यार्थ्याची लबाडी पचते, कारण तिच्यावर कुणीतरी सही केलेली असते. आपण मात्र बोंब मारतो ती पोराच्या खिशातल्या चिठ्ठीवर.

याच राज्यातले व्यापम, म्हणजे व्यावसायिक परीक्षा मंडळाचे प्रकरण बघा. जुलै 2013 मध्ये इंदुरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांच्या नावाने बसायला आलेले डमी पकडले गेले आणि धागा उसवत गेला. पद्धतीचे नाव होते ‘इंजिन-बोगी’. हुशार मुलगा इंजिन, पैसे मोजलेली मुले त्याच्या पुढेमागे बोग्या. पण रोल नंबर शेजारी-शेजारी कोण लावणार? ते काम मंडळाच्या आतल्या संगणकावरच होऊ शकत होते. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 634 जणांचे प्रवेश रद्दच ठेवले. त्याआधी न्या. चेलमेश्वर यांनी त्यांना डॉक्टर होऊ द्यावे, पण पाच वर्षे समाजाची सेवा करवून घ्यावी, असा मार्ग सुचवला होता. तो दयाळू होता, पण मला पटत नाही. त्या जागांवर ज्यांचा हक्क होता, त्यांची पाच वर्षे कोण भरून देणार? कायद्याची उणीव म्हणावी, तर नागपूर या भागाची राजधानी होती तेव्हाचा, 1937 चा परीक्षा कायदा या खटल्यांत लावला गेलाच. 2024 च्या केंद्रीय कायद्याचा रोख तर परीक्षार्थींपेक्षा टोळ्यांवर आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवर आहे. सही करणारा हात निदान तिथे तरी दिसला.

व्यापमची तुलना गावच्या बी.ए.च्या पोराशी करणे अन्यायाचे आहे, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, तो कुणाची जागा हिसकावत नाही. पण साखळी तीच. 2021-22 पासून मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू झाले आणि प्रोजेक्टला गुण आले. कल्पना करा, विषय संत्र्याची बाग. झेरॉक्सच्या दुकानातून तयार मजकूर, वर स्पायरल, पहिल्या पानावर ‘प्रमाणित किया जाता है’ आणि त्याखाली सरांची सही. नाव बदललेले, आत कुठेतरी गेल्या वर्षीची तारीख तशीच. नेमके हे पान ज्याने वाचले नाही, त्याने ते प्रमाणित केले. संशोधक मॅक्केब आणि ट्रेव्हिनो यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या 31 संस्थांमधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉपी करण्या-न करण्यावर सर्वात मोठा प्रभाव कशाचा, तर सोबतचे काय करतात याचा. न वाचता झालेली सही वर्गातल्या प्रत्येकाला दिसते.

कडक पहारा ठेवा, असेही सांगतात. 2009-10 च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली, पुढे ती महाराष्ट्रभर गाजली. पहाऱ्याने फरक पडतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो परीक्षा-खोलीच्या दारापर्यंतच. कोरोनाकाळात ‘ओपन बुक’ने पेपरच घरी गेला, आता मोबाइल मागाल तो निबंध लिहून देतो. साठ फायलींना एक मास्तर, तो काय काय वाचणार, हा आक्षेप त्याहून खरा आहे. मग वीसच पाने मागवा, पाचच मागवा, आणि फाइल मिटून समोरच्याला विचारा, तेही मराठीत: तुमच्या बागेत आंबिया बहाराचा ताण यंदा केव्हा तोडला, आणि थंडी लांबली तेव्हा बापाने काय केले? ज्याच्या घरी बाग आहे, त्याच्याकडे याचे उत्तर आहे. ते त्या फायलीत कुठेच नाही, कारण अजून कुणी मागितलेलेच नाही.